आनंदनौका आणि ओळख-ट्रान्सपाँडर : नियम, उपयोग आणि मर्यादा

१८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक निर्मनुष्य आनंदनौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडल्याने राज्यभर खळबळ उडाली. दहीहंडीचा सण दुसऱ्या दिवसावर होता. काही तासांतच खुलासा झाला. 'लेडी हान' नावाची ही नौका एका ऑस्ट्रेलियन नागरिकाच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जात असताना २६ जून २०२२ रोजी तिचे इंजिन बिघडले. खलाशांनी मदतीची हाक दिली आणि कोरियाच्या एका युद्धनौकेने त्यांची सुटका केली. खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही आणि समुद्रप्रवाहांनी ती कोकणच्या किनाऱ्यापर्यंत आणून सोडली. तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ही माहिती विधानसभेत दिली.

घातपाताची शंका दूर झाली, तरी एक प्रश्न मागे राहिला. सुमारे १६ मीटर लांबीची नौका जवळपास आठ आठवडे समुद्रात तरंगत राहते आणि किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाच्याही नजरेस येत नाही, हे कसे घडते? हौसेसाठी, पर्यटनासाठी किंवा शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांनी आपली ओळख आणि ठावठिकाणा प्रसारित करण्याबाबत कोणते नियम आहेत, ते कोणाला लागू होतात आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवता येते, याचा हा आढावा.

यंत्र काय करते?

जहाजांचा माग ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या व्यवस्थेला 'स्वयंचलित ओळख प्रणाली' किंवा एआयएस असे म्हणतात. नौकेवरील ट्रान्सपाँडर उपग्रहांच्या मदतीने (जीपीएसद्वारे) स्वतःचे स्थान, वेग आणि दिशा ठरवतो आणि ही माहिती नौकेच्या ओळख क्रमांकासह अतिउच्च कंप्रतेच्या म्हणजे व्हीएचएफ रेडिओवरून ठराविक अंतराने प्रसारित करतो. त्यासाठी १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन कंप्रता आंतरराष्ट्रीय पातळीवर राखून ठेवलेल्या आहेत.

एकाच वाहिनीवर शेकडो नौका बोलू लागल्या तर गोंधळ व्हावा. तो टाळण्यासाठी प्रत्येक मिनिटाचे २,२५० सूक्ष्म कालखंड पाडलेले असतात आणि प्रत्येक संच मोकळा कालखंड शोधून त्यातच आपला संदेश पाठवतो. आसपासच्या नौका, किनाऱ्यावरील केंद्रे आणि काही उपग्रह हे संदेश ऐकतात. त्यामुळे नौकेच्या पडद्यावर केवळ एक ठिपका न दिसता त्या ठिपक्याचे नाव, प्रकार, वेग आणि रोखही दिसतो.

रडार आणि ट्रान्सपाँडर यांतील फरक येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. रडार समोरच्या वस्तूवर लहरी आदळवून तिचा शोध घेते. त्या वस्तूने काहीही करण्याची गरज नसते. ट्रान्सपाँडरच्या व्यवस्थेत मात्र समोरच्या नौकेने स्वतःहून बोलावे लागते. जी नौका बोलत नाही, ती या पडद्यावर अस्तित्वातच नसते.

'अ' वर्ग आणि 'ब' वर्ग

मोठ्या व्यापारी जहाजांसाठी 'अ' वर्गाचा संच असतो. त्याची प्रक्षेपण शक्ती १२.५ वॅट असते. जहाज चालू असताना वेग आणि वळणानुसार दर २ ते १० सेकंदांनी आणि नांगरलेले असताना दर ३ मिनिटांनी तो आपली स्थिती कळवतो.

लहान आणि हौशी नौकांसाठी 'ब' वर्गाचा संच तयार करण्यात आला. त्याच्या मूळ प्रकाराची शक्ती २ वॅट आहे. नौकेचा वेग २ नॉटपेक्षा अधिक असेल तर दर ३० सेकंदांनी आणि त्याहून कमी असेल तर दर ३ मिनिटांनी तो संदेश पाठवतो. वाहिनीवर गर्दी असेल तर हा संच मोठ्या जहाजांना वाट करून देतो आणि स्वतःचा संदेश मागे ठेवतो. 'ब' वर्गातील नव्या, ५ वॅटच्या प्रकाराला स्वतःचा कालखंड आधी राखून ठेवता येतो आणि वेगवान नौकेवर तो ५ सेकंदांपर्यंतच्या अंतराने संदेश देऊ शकतो.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. २० नॉट वेगाने धावणारी नौका ३० सेकंदांत ३०० मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजेच २ वॅटच्या संचावर दिसणारी तिची जागा ही पुष्कळदा ती मागे सोडून आलेली जागा असते. वेगवान बोटींच्या मालकांनी संच निवडताना ही बाब ध्यानात ठेवावी, असे जाणकार सांगतात.

पल्ला मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो. लहान नौकेवरील 'ब' वर्गाच्या संचाचा संदेश सर्वसाधारणपणे ५ ते १० सागरी मैलांपर्यंत पोहोचतो. शिडाच्या डोलकाठीच्या टोकावर अँटेना बसवल्यास पल्ला वाढतो.

आंतरराष्ट्रीय नियम

समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय करारातील, म्हणजे 'सोलास'मधील, पाचव्या प्रकरणात या प्रणालीची सक्ती आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी ३०० सकल टनांवरील जहाजे, देशांतर्गत प्रवास करणारी ५०० सकल टनांवरील मालवाहू जहाजे आणि सर्व आकारांची प्रवासी जहाजे यांना ती लागू होते. अंमलबजावणी १ जुलै २००२ पासून टप्प्याटप्प्याने झाली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांसाठी २००४ अखेरची, तर देशांतर्गत जहाजांसाठी १ जुलै २००८ ही मुदत होती.

या मर्यादांमुळे जगातील बहुसंख्य हौशी नौका करारातील सक्तीच्या बाहेर राहतात. मात्र एक गोष्ट अनेकदा नजरेआड होते. कराराची इतर बरीच प्रकरणे खासगी आनंदनौकांना लागू होत नसली, तरी पाचवे प्रकरण सर्व प्रकारच्या नौकांना उद्देशून आहे. त्यामुळे आंतरराष्ट्रीय प्रवासास निघालेली ३०० सकल टनांवरील आलिशान यॉट खासगी असली, तरी तिला ट्रान्सपाँडर बसवावाच लागतो. लहान नौकांसाठी नियम करण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या शासनाकडे आहे.

देशोदेशींची धोरणे यामुळे वेगवेगळी आहेत. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण हौशी नौकांवर सक्ती नाही. अमेरिकेत ६५ फूट किंवा त्याहून लांब, स्वयंचलित व्यापारी नौकांना प्रणाली बंधनकारक आहे. खासगी नौकांना नाही. सिंगापूरच्या गजबजलेल्या बंदरात मात्र इंजिनावर चालणाऱ्या आनंदनौकांनाही ट्रान्सपाँडर बसवावा लागतो. युरोपात ऱ्हाईन नदीवर १ डिसेंबर २०१४ पासून मोठ्या नौकांना अंतर्गत जलमार्गाची एआयएस सक्तीची झाली. २० मीटरपेक्षा लहान हौशी नौकांना तेथे सूट आहे; परंतु अशा नौकेने स्वेच्छेने ट्रान्सपाँडर वापरला, तर तिच्याकडे चालू स्थितीतील व्हीएचएफ रेडिओही असला पाहिजे, अशी अट आहे. त्यामागील तर्क सरळ आहे. ज्याने आपली ओळख जाहीर केली, त्याला कोणी नावाने हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे.

दूर सागरातील शिडाच्या शर्यतींमध्ये सरकारी सक्तीची वाट पाहिली जात नाही. 'वर्ल्ड सेलिंग' या जागतिक संघटनेच्या विशेष नियमांनुसार अशा शर्यतींतील नौकांवर ट्रान्सपाँडर असणे आवश्यक आहे.

भारतातील नियम : २६/११ नंतरचा बदल

भारतात लहान नौकांच्या ओळखीचा प्रश्न ऐरणीवर आला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यामुळे. दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार नौका समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यातून मुंबईजवळ आले आणि रबरी बोटीने कुलाब्याच्या बधवार पार्कजवळील मच्छीमार वसाहतीत उतरले. हजारो निरुपद्रवी नौकांच्या गर्दीत एक नौका वेगळी ओळखणे शक्य नव्हते, हे या हल्ल्याने दाखवून दिले.

त्यानंतर २००९ मध्ये प्रादेशिक सागरी हद्दीतील किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे सोपवण्यात आली. नौवहन महासंचालनालयाने परिपत्रके काढून, २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या मच्छीमार नौका वगळता, सर्व प्रकारच्या नौकांवर 'ब' वर्गाचा ट्रान्सपाँडर बसवण्याचे निर्देश दिले. लहान मच्छीमार नौकांसाठी कोणते उपकरण योग्य ठरेल, हे सुचवण्यासाठी तटरक्षक दलाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र गट नेमण्यात आला. हौशी नौकेच्या मालकाच्या दृष्टीने या निर्देशांतील महत्त्वाचा भाग 'सर्व प्रकारच्या' हा आहे. २० मीटरची सूट मच्छीमारांना उद्देशून आहे. आपली नौका खासगी आहे किंवा ती केवळ सुटीच्या दिवशी पाण्यात उतरते, एवढ्याच कारणाने ती नियमाबाहेर जाते, असे गृहीत धरता येत नाही. नोंदणीच्या वेळी आपल्या नौकेला कोणती अट लागू आहे, याची नोंदणी अधिकाऱ्याकडून खातरजमा करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

नौकांचे संदेश ऐकण्यासाठी देशाच्या किनाऱ्यावरील ७४ दीपगृहांवर एआयएसची केंद्रे उभारण्यात आली. त्यांच्या जोडीला किनारी रडारांची साखळी आली. पहिल्या टप्प्यात मुख्य भूमीवर ३६, लक्षद्वीपमध्ये ६ आणि अंदमान-निकोबारमध्ये ४ अशी ४६ केंद्रे सुरू झाली. अंतराळातूनही प्रयत्न झाले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, एप्रिल २०११ मध्ये सोडलेल्या 'रिसोर्ससॅट-२' उपग्रहावर जहाजांचे संदेश टिपणारे उपकरण होते.

लहान मच्छीमार नौकांसाठी वेगळी योजना आखण्यात आली. इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारित, उपग्रहाद्वारे दुतर्फा संदेश पाठवू शकणारे एक लाख ट्रान्सपाँडर मासेमारी नौकांवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. हवामानाचा इशारा, संकटाचा संदेश आणि आंतरराष्ट्रीय सागरी सीमेची सूचना अशी कामे हे उपकरण करते. ही योजना मच्छीमारांसाठी आहे; आनंदनौकांचा तिच्यात समावेश नाही. हौशी नौकेच्या मालकाला आपला संच स्वखर्चानेच घ्यावा लागतो.

परवाना आणि ओळख क्रमांक

ट्रान्सपाँडर हे केवळ दिशादर्शक नसून रेडिओ प्रक्षेपक आहे. त्यामुळे तो दुकानातून आणून थेट जोडता येत नाही. भारतात नौकेवर रेडिओ संच बाळगण्यासाठी आणि चालवण्यासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो.

प्रत्येक संचात नऊ अंकी सागरी ओळख क्रमांक भरावा लागतो. नौकेच्या क्रमांकाचे पहिले तीन अंक देश दर्शवतात. भारतासाठी ते ४१९ असे आहेत. अंकांच्या सुरुवातीवरून प्रक्षेपकाचा प्रकारही ओळखता येतो. ९७० ने सुरू होणारा क्रमांक शोध व बचावासाठीच्या प्रक्षेपकाचा, ९७२ ने सुरू होणारा पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगावरील उपकरणाचा आणि ९९ ने सुरू होणारा दीपगृह किंवा बोया यांसारख्या नौकानयन-साधनाचा असतो.

नौकेचा प्रकारही सांकेतिक अंकांनी कळवला जातो. शिडाच्या नौकेसाठी ३६ आणि आनंदनौकेसाठी ३७ हे अंक ठरलेले आहेत. समोरून येणाऱ्या मोठ्या जहाजाच्या अधिकाऱ्याला या अंकांवरून समोरची नौका कशी वागेल, याचा अंदाज बांधता येतो.

'ब' वर्गाच्या बहुतेक संचांत ओळख क्रमांक एकदाच भरता येतो. नंतर तो बदलण्यासाठी विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाकडे जावे लागते. जुनी नौका संचासह विकत घेणाऱ्याने याची विशेष काळजी घ्यावी. अन्यथा नौका नव्या मालकाची आणि आकाशवाणीवर ओळख जुन्या नौकेची, असा प्रकार घडतो. संकटाच्या वेळी बचाव पथके मग भलत्याच मालकाला संपर्क करतात.

मासेमारीच्या जाळ्यांवर बांधल्या जाणाऱ्या स्वस्त प्रक्षेपकांनी याबाबतीत जगभर डोकेदुखी निर्माण केली आहे. मनमानी क्रमांक भरलेली ही उपकरणे जहाजांच्या पडद्यावर नौका असल्याचा आभास निर्माण करतात. त्यामुळे अशा उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने वेगळी वाहिनी आणि अतिशय कमी शक्ती निश्चित केली आहे.

संच कसा वापरावा?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मोठ्या जहाजांसाठी २००१ मध्ये आणि नंतर सुधारून २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. हौशी नौकांनीही त्यांचाच आधार घ्यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यांतील मुख्य सूत्र असे की, नौका चालू असताना आणि नांगरलेली असतानाही संच सुरू ठेवावा. सुरक्षिततेला धोका निर्माण होत असेल, उदाहरणार्थ चाचेगिरीच्या क्षेत्रात, तरच नौकेच्या प्रमुखाला तो बंद करण्याची मुभा आहे. काही संचांवर केवळ ऐकण्याची सोय देणारी मूक कळ असते. ती चुकून दाबलेली राहिली तर नौका इतरांना दिसेनाशी होते. निघण्यापूर्वी ही कळ तपासणे हे इंधन तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

पडद्यावर सारे काही दिसते, म्हणून डोळ्यांनी पाहणे थांबवता येत नाही. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी पाचवा नियम डोळे, कान आणि उपलब्ध सर्व साधने वापरून सतत टेहळणी ठेवण्यास सांगतो. सहावा नियम सुरक्षित वेगाचा आहे. सातव्या नियमानुसार अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधण्यास मनाई आहे. मार्गाचा हक्क कोणाचा, हे या नियमांनीच ठरते. ट्रान्सपाँडर बसवल्याने कोणालाही अग्रहक्क मिळत नाही.

मोबाइल फोनवरील उपयोजनांबाबत मोठा गैरसमज आढळतो. इंटरनेटवर जहाजे दाखवणारी उपयोजने उपयुक्त असली, तरी त्यांतील माहिती काही मिनिटे जुनी असू शकते आणि जेथे ऐकणारे केंद्र नाही तेथील नौका त्यांत दिसतच नाहीत. फोनवरून स्वतःची जागा इंटरनेटवर पाठवणारी उपयोजनेही ट्रान्सपाँडरची जागा घेऊ शकत नाहीत. कारण समोरच्या जहाजावरील उपकरण व्हीएचएफ लहरी ऐकते, इंटरनेट नव्हे.

प्रसारित होणारी माहिती सर्वांसाठी खुली असते, याचीही जाणीव ठेवावी. साधा ग्राहक संच असलेल्या कोणालाही नौकेचे नाव आणि ठिकाण कळू शकते.

नदी आणि धरणांच्या पाण्यात काय?

समुद्रासाठी तयार झालेले हे नियम नदीपात्रात कितपत लागू होतात, हे समजण्यासाठी म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूरचे उदाहरण उद्बोधक ठरते. तिरुमकूडलू नरसीपूर हे या गावाचे पूर्ण नाव. कावेरी आणि कपिला अर्थात काबिनी या नद्यांचा येथे संगम होतो आणि अदृश्य स्फटिक सरोवर हा तिसरा प्रवाह मानून भाविक त्रिवेणी संगमात स्नान करतात. १९८९ मध्ये सुरू झालेला येथील कुंभमेळा साधारणपणे दर तीन वर्षांनी भरतो. फेब्रुवारी २०२५ मध्येही तो भरला. गुंजा नरसिंहस्वामींचे मंदिर आणि याच तालुक्यातील वाळूत गाडलेल्या मंदिरांचे तलकाड यांमुळे म्हैसूरला जाणारे महाराष्ट्रातील पर्यटकही इकडे वळतात.

येथील पाण्यावर फिरण्याचे साधन म्हणजे वेताची-बांबूची गोल, टोपलीसारखी होडी. कन्नडमध्ये तिला हरिगोल म्हणतात. एक वल्हे, एक नावाडी आणि काही प्रवासी, एवढाच तिचा सरंजाम. तिच्यावर ना डोलकाठी, ना बॅटरी. सागरी ट्रान्सपाँडरची सक्ती तिला लागू होत नाही आणि तो बसवला तरी उपयोग होणार नाही, कारण देशाची एआयएस केंद्रांची साखळी समुद्रकिनाऱ्यावर आहे.

देशातील नद्या, कालवे आणि जलाशयांतील नौकांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा कायदा आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. यंत्रचलित नौकांची नोंदणी, सर्वेक्षण, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि विमा यांची तरतूद त्यात आहे, तसेच नोंदणीची केंद्रीय माहितीसाठा-व्यवस्थाही आहे. इंजिन नसलेल्या नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण असून त्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला आहे. संगमावरची हरिगोल या व्यवस्थेत मोडते.

नद्यांवर एआयएस कोठेच नाही, असे मात्र नाही. गंगेवरील राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वर हल्दिया ते फराक्का या टप्प्यात २०१६ मध्ये नदी माहिती सेवा सुरू झाली. तिच्यात काठावरील केंद्रे नौकांचे संदेश ऐकून वाहतुकीचे चित्र तयार करतात. २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली आणि त्या यादीत काबिनी व कावेरी या नद्यांचीही नावे आली. परंतु यादीत नाव येणे आणि काठावर यंत्रणा उभी राहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

टी. नरसीपूरच्या संगमावर प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न वेगळेच आहेत. वरच्या अंगाला कावेरीवर कृष्णराज सागर आणि काबिनीवर बीचनहळ्ळीचे धरण आहे. पावसाळ्यात दोन्हींतून विसर्ग वाढला की संगमावरील पाणी चढते आणि ओढ वाढते. अशा वेळी होडीत किती माणसे बसली आहेत, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे का आणि प्रशासनाने होड्या बंद ठेवण्याची सूचना दिली आहे का, हेच पाहावे लागते.

महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठाला आला आणि त्याच्यामुळे दुर्घटनेची वार्ता कळली. बोट कोठे आहे हे कळण्यापेक्षा, बुडणारा माणूस मदत येईपर्यंत तरंगत राहणे तेथे अधिक मोलाचे होते.

यंत्राच्या मर्यादा

ट्रान्सपाँडरकडून काय होत नाही, हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या किनाऱ्याकडेच पाहता येते. ३१ जुलै २०११ रोजी 'पवित' हे खलाशांनी सोडून दिलेले तेलवाहू जहाज ओमानच्या बाजूने वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले. ते किनाऱ्याला लागेपर्यंत कोणत्याही यंत्रणेला त्याचा पत्ता लागला नव्हता. ज्या जहाजावर माणूस नाही आणि वीज नाही, ते आपली ओळख सांगू शकत नाही. 'लेडी हान'च्या बाबतीत अकरा वर्षांनी तोच धडा पुन्हा मिळाला.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जणांना प्राण गमवावे लागले. ही टक्कर दिवसाउजेडी, गजबजलेल्या बंदरात, अनेकांच्या डोळ्यांदेखत झाली. एकमेकांना न दिसणे हे तिचे कारण नव्हते. ताबा सुटलेल्या बोटीला कोणताही ट्रान्सपाँडर थांबवू शकत नाही. या अपघातानंतर गेट वेहून सुटणाऱ्या बोटींमध्ये प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक करण्यात आले.

खोल समुद्रात तर या यंत्राचा पल्ला आणखी तोकडा ठरतो. सप्टेंबर २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेच्या डोलकाठ्या दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. आसपास शेकडो मैल कोणीही नव्हते. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या आपत्कालीन बीकनमुळे आणि माग यंत्रामुळे त्यांचा ठावठिकाणा कळला. नौदलाच्या पी-८आय विमानाने नौका शोधली आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने २४ सप्टेंबरला त्यांची सुटका केली. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या हौशी नौकेने ४०६ मेगाहर्ट्झचे आपत्कालीन बीकन जवळ बाळगावे, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. भारतात अशा संदेशांची दखल घेणारे नियंत्रण केंद्र बंगळुरू येथे आहे.

हौशी नावाड्यांसाठी थोडक्यात

नौकेची नोंदणी करताना ट्रान्सपाँडरची अट लागू आहे किंवा नाही, हे लेखी विचारून घ्यावे. संच परवान्यासह घ्यावा आणि त्यातील ओळख क्रमांक, नौकेचे नाव व प्रकार बरोबर असल्याची खात्री करावी. नौका विकताना ही नोंद बदलून घ्यावी.

अँटेना शक्य तितकी उंच बसवावी आणि बॅटरीची क्षमता तपासावी. निघण्यापूर्वी शेजारच्या नौकेच्या पडद्यावर आपण दिसतो का, ते पाहावे. मूक कळ बंद असल्याची खात्री करावी.

व्हीएचएफ रेडिओ १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ऐकत राहावे. समुद्रातील संकटात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. प्रवासाचा मार्ग आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरील एका माणसाला सांगून ठेवावी.

आणि पाणी समुद्राचे असो, धरणाचे असो वा टी. नरसीपूरच्या संगमाचे असो, होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगावर घालावे. ट्रान्सपाँडर नौका कोठे आहे एवढेच सांगतो. नौकेतील माणसाला पाण्यावर तरंगत ठेवण्याचे काम त्याचे नाही.